शेरवानीच्या आत फक्त बनियन

शिरीष,

तू गेल्याचं मला मोराने कळवलं. तेही मला एकट्याला नव्हे, मंगळवारच्या नाचाच्या ग्रुपवर, ‘डिअर डान्सर्स’ अशी सुरुवात करून. बावीस वर्षांची आपली ओळख, तुझ्या आणि माझ्या टॉवरमध्ये एक पार्किंग आणि एक किराणा दुकान एवढंच अंतर, आणि बातमी दिली कुणी, तर आपल्याला उड्या मारायला शिकवणाऱ्या बहात्तर वर्षांच्या स्कॉटिश बाईने. मी त्या किराणा दुकानातच उभा होतो. एका हातात कढीपत्ता, दुसऱ्या हातात तू.

खाली भराभर उत्तरं यायला लागली. हात जोडलेले, पांढरी फुलं, आणि मधेच एकाने लिहिलं, ‘वी न्यू इट वॉज कमिंग, बट स्टिल.’ मी ते तीनदा वाचलं. इंग्रजी माझं वाईट नाही. त्या ‘वी’मध्ये मी नव्हतो.

घरी आलो. मेधा कोबी चिरत होती. म्हटलं, “शिरीष गेला.” तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, “कधी?”

‘कसं’ नाही विचारलं तिने. तुझ्यासारखा उभा-आडवा धडधाकट माणूस गेला म्हटल्यावर कुणीही आधी कसं विचारतं.

“तुला माहीत होतं?”

“वर्षाने शपथ घातली होती,” ती म्हणाली आणि रडायला लागली. तुझ्या बायकोची शपथ, माझ्या बायकोने पाळलेली. आता रडणाऱ्या बाईला जाब कसा विचारायचा? मी कढीपत्ता धुवायला घेतला.

तर आज एकोणीस दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहायची रीत आहे, ते काम इतरांनी उत्तम केलंय. महाराष्ट्र मंडळाच्या शोकसभेत तुला मनमिळाऊ म्हटलं, हरहुन्नरी म्हटलं, एकाने तर अजातशत्रूही म्हटलं. मला तुझ्याशी भांडायचंय. तुला उलट बोलता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण आजवर आपल्या भांडणांत शेवटचा शब्द तुझाच असायचा, त्यामुळे एकदा एवढी सवलत मला घेऊ दे.

सुरुवात तूच केलीस. आपल्या सुपरमार्केटच्या नोटीस बोर्डावर कागद होता: स्कॉटिश नाच शिका, जोडीदार नको, अनुभव नको, किल्ट नको. तू तो फोटो काढून मला पाठवलास आणि खाली लिहिलंस, “यल्ला.” म्हणजे इथल्या अरबीत, चल. मी विचारलं, हे काय नवीन? तू म्हणालास, “एका सेटला आठ माणसं लागतात, बापट. आपण दोन जोडपी गेलो की निम्मं स्कॉटलंड आपलंच.”

शाळेच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी. पुरुषांची एक रांग, बायकांची एक, समोरासमोर. अकॉर्डियन सुरू झालं की वाकून नमस्कार करायचा आणि मग सुटायचं. मोरा ओरडायची, “राइट शोल्डर, बापट, युवर अदर राइट.” तुला पहिल्याच दिवशी जमलं. तू म्हणालास, “अरे, हा तर गोफ आहे. दोऱ्या नाहीत एवढंच.” कऱ्हाडला शाळेत गोकुळाष्टमीला तू गोफ विणायचास, कुणाच्या आतून जायचं, कुणाच्या बाहेरून, हे तुझ्या पायांना ठाऊक होतं. माझ्या पायांना फक्त बस स्टॉप ठाऊक. दुसऱ्या मंगळवारी मी वळता वळता शेजारच्या सेटमध्ये गेलो, तिथे एका नर्सबाईचा हात धरला आणि अख्खा नाच तिकडेच पूर्ण केला. आपल्या सेटमध्ये मेधा एकटी हवेशी हात मिळवत होती. परत आल्यावर तू फक्त म्हणालास, “व्हिसा तरी घेऊन जायचं.”

आणि मग त्या बॉलचं, म्हणजे नाचाच्या मेजवानीचं, आमंत्रण आलं. रास अल खैमाचं हॉटेल, खराखुरा वादकांचा ताफा, अठरा नाच, मधे जेवण. कार्डावर खाली लिहिलेलं: हायलँड ड्रेस म्हणजे किल्ट, ब्लॅक टाय किंवा नॅशनल ड्रेस.

मी इथे बावीस वर्षं राहून जे व्हायचं ते झालंय. नॅशनल ड्रेस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर अरबांचा पांढरा पायघोळ कंदुरा आला. मी तुला विचारलं, “आपण कंदुरा घातला तर चालेल का?”

“चालेल की. फक्त गाडीत बसताना कुणी ओळखीच्या अरबाने बघू नये. आपला रे, बापट, आपला नॅशनल ड्रेस.”

“आपला कुठला?”

“लग्नात काय घातलं होतंस?”

“सफारी.”

“आणि मुंजीत?”

“लंगोटी.”

“मग प्रश्न मिटला,” तू म्हणालास. “हवेशीर आहे.”

मी धोतर म्हटलं, तर दोन्ही बायका एकदम नाही म्हणाल्या. वाचणाऱ्यांनी आता धोतर सुटायची वाट बघत बसू नये, म्हणून सांगून टाकतो, की ते नेसलंच गेलं नाही.

मोराने त्याआधीच्या वर्गात सगळ्यांना नीट समजावलं होतं. नाचताना भयंकर उकडतं. सुती शर्ट घाला, दोन जास्तीचे बरोबर आणा. कोट फक्त आत शिरताना आणि फोटोसाठी, दोन नाच झाले की सगळे पुरुष कोट काढून खुर्चीवर टाकतात, त्यात काही गैर नाही. बायकांनी टाचेचे बूट आणि जमिनीवर लोळणारं काही घालू नये. वर्षा वहिनींनी तिथेच ठरवलं, नऊवारी. मोराला कळेना, नऊ वार कापड गुंडाळून ही बाई उडी कशी मारणार. काष्टा म्हणजे काय ते वहिनींनी हॉलमध्येच चार ढांगा टाकून दाखवलं, तेव्हा म्हातारी म्हणाली, “हे आमच्या किल्टपेक्षा बरं आहे.”

इतकं सगळं माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी तू मला सत्वाला रफीकभाई शिंप्याकडे नेलंस आणि मी मेंढरासारखा आलो. तू कापडाचं एक ठाण माझ्या खांद्यावर टाकलंस. मरून रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि वजन असं की माझा डावा खांदा खाली गेला.

“जड नाही का?” मी विचारलं.

“राजेशाही आहे. तुझ्या उंचीला हेच शोभतं.”

माझी उंची पाच फूट चार इंच. पण ‘तुझ्या उंचीला’ हे शब्द मला आयुष्यात प्रथमच कुणी म्हणत होतं. मी विरघळलो. रफीकभाई टेप घेऊन माझ्याभोवती फिरत होता आणि तू त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होतास. मला वाटलं, माझ्या पोटाबद्दल असेल.

निघताना तू म्हणालास, “एक लक्षात ठेव. शेरवानीच्या आत शर्ट घालत नाहीत. कॉलर वर दिसते, गावंढळ वाटतं. फक्त बनियन.”

तुझ्यासाठी तू फिकट राखाडी बंदगळा शिवलास. पातळ, आत अस्तर नाही, आणि आत व्यवस्थित पांढरा शर्ट. मी विचारलं, हे कसं? तू म्हणालास, बंदगळ्याचा नियम वेगळा. तुझे नियम मी कधी तपासले नाहीत. तपासले असते तर ही गोष्टच घडली नसती.

ती शेरवानी घालून मी घरी हॉलमध्ये उभा राहिलो तेव्हा आमच्या लेकीने मोबाइलवरून डोळे उचलले आणि म्हणाली, “बाबा, यू लुक लाइक अ सोफा.” तू दाराशी उभा होतास. इतका हसलास की भिंतीला धरून खाली बसलास. मला वाटलं, हसून बसलास.

आता बॉल. हे तू शंभरदा ऐकलंयस, पण आज मी ते पहिल्यांदाच सांगतोय, असं समज.

पहिल्या नाचात मी रंगात होतो. सगळ्या काळ्या कोटांत आणि चौकड्यांच्या घागऱ्यांत मी एकटा मरून. दुसऱ्या नाचाच्या मध्यावर माझ्या पाठीवरून पहिला ओघळ निघाला आणि कमरेच्या नाडीपाशी थांबला. नाच संपला तेव्हा सगळ्या पुरुषांनी कोट काढले, खुर्च्यांच्या पाठींवर टाकले. मीही वरचं बटण काढलं आणि मला बनियन आठवलं. आठ बटणं, त्याखाली एक भोक पडलेलं बनियन, आणि समोर दोन राजदूतांच्या बायका. बटण परत लावलं. डोळ्यांपुढे काजवे आले. मी खुर्चीत कोसळलो तेव्हा, मेधा शपथेवर सांगते, त्या कापडातून वाफ निघत होती.

“तुम्ही नाचा,” तू दोघींना म्हणालास. “बापट दमलाय. मी बसतो त्याच्याजवळ.”

मग तू लिंबूपाणी मागवलंस आणि नाचांचं कार्ड घेऊन मला वारा घालायला लागलास. पुढचा नाच आपण केला, त्याच्या पुढचा बसून. मग परत एक नाच, परत एक बसून. रात्रभर हेच. मला कुणी बोलवायला आलं नाही की कुणी बाई माझ्याकडे बघून हसली नाही. मला वाटलं, माझ्या घामामुळे.

पाचव्या की सहाव्या बैठकीला तुझा हात थरथरत होता. कार्ड फडफडत होतं. मी विचारलं, “तुझे हात का हलतायत?”

“गार आहे इथे. बरोबर डोक्यावर एसीचं तोंड काढलंय मूर्खांनी.” एसी म्हणजे तुझा धंदा. पंचवीस वर्षं तू या देशातल्या इमारतींना थंड हवा पुरवलीस, तेव्हा तू म्हणतोस तर असेल.

“मला उकडतंय आणि तुला गार वाटतंय. डिझाइन तुझंच असणार,” मी म्हणालो.

“सरकून बस जरा. तू आत्ता एका इस्त्रीएवढी उष्णता फेकतोयस. फुकट कशाला घालवायची?” असं म्हणून तू खुर्ची ओढलीस आणि खांद्याला खांदा लावून बसलास. तसाच बसून राहिलास, सबंध नाचभर. समोर वर्षा वहिनी नऊवारीचा पदर खोचून त्या सहा फुटी किल्टवाल्याला गरगर फिरवत होत्या. तू म्हणालास, “बघ, बघ, काय नाचतेय.” मी म्हटलं, “बघतोय.” पण मी बनियनाचा विचार करत होतो.

झालं एवढंच. पण मला गोष्ट मिळाली होती, आणि गोष्ट मिळाल्यावर मी कसा वागतो ते तुला माहीत आहे. गुढीपाडव्याला सांगितली. ऑफिसात इंग्रजीत सांगितली, ड्रायव्हरला हिंदीत. अबुधाबीच्या त्या साखरपुड्यात वाफेचा प्रसंग मी अभिनय करून दाखवला. आणि दर वेळी सुरुवात कोण करायचं? तू. जेवणं झाली, गप्पा ओसरल्या, कुणीतरी तुझ्याकडे बघून “शिरीष, बारीक झालास रे” असं म्हणायला तोंड उघडलं, की तू म्हणायचास, “बापट, ते शेरवानीचं सांग ना.” आणि मी सुटायचो. सगळी खोली माझ्याकडे वळायची. हे ‘सगळी खोली माझ्याकडे वळायची’ मी आज लिहितोय. तेव्हा मला फक्त वळलेली खोली दिसत होती.

तुझं बारीक होणं मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि मी हेवा केला. विचारलं, काय करतोस? तू म्हणालास, रात्रीचं जेवण सोडलंय. मीही सोडलं. दीड महिना मी रात्री काकडी खाऊन तुझ्याशी स्पर्धा केली. माझे अडीच किलो उतरले तेव्हा मी तुला फोन करून विजयी आवाजात विचारलं, “तुझे किती?” तू म्हणालास, “नऊ.” मी म्हणालो, “तुझी विलपॉवरच वेगळी.” शिरीष, मी तुझ्या पोटातल्या गाठीचं अभिनंदन करत होतो, आणि तू ‘थँक्स’ म्हणालास.

मग म्हणालास, पुण्याला फ्लॅटचं पझेशन आहे, महिनाभर जाऊन येतो. मी सांगितलं, बाथरूमच्या टाइल्सचा उतार तपासून घे, पाणी साठतं. उतार तपासला, म्हणून तू तिकडून मेसेजही केलास. आता कळतंय की तो मेसेज हॉस्पिटलमधून होता. पलंगावर पडून तू मला न बघितलेल्या बाथरूमचा रिपोर्ट देत होतास. एवढी मेहनत घ्यायची गरज होती?

तुझ्या बातमीनंतरच्या मंगळवारी मी वर्गात गेलो. नाचायला नव्हे; मला तो ‘वी’ कोण ते बघायचं होतं. त्यात ती नर्सबाईही निघाली, तिलाही तू सांगितलं होतंस. मोराने मला बाजूला घेतलं. ती म्हणाली, शिरीषने मला बॉलच्या आधीच सगळं सांगितलं होतं. एक सोडून एक नाच एवढीच ताकद आहे, म्हणाला. कार्यक्रम तसा लावता येईल का? मी लावला. आणि तो म्हणाला, मधल्या नाचांना बापटला कुणी उठवू नका.

“का?” मी विचारलं.

“ते मला नाही सांगितलं,” मोरा म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

ते मला रफीकभाईने सांगितलं. त्याचा फोन आला, साब, शिरीषसर का बंदगला इधर पडा है, तिसरी बार छोटा करने को दिया था, लेने नहीं आये. मी गेलो. तो राखाडी कोट हँगरवर होता, खांद्यांत इतका आवळलेला की एखाद्या कॉलेजच्या पोराला बसेल. मी बातमी सांगितली. रफीकभाईने टेप गळ्यातून काढली आणि बराच वेळ हातात गुंडाळत बसला. मग म्हणाला, “मुझे मालूम था, साब. जिसका नाप लेता हूँ, उससे क्या छुपेगा. उन्होंने बोला था, किसी को बोलना नहीं.”

मी म्हटलं, माझ्या शेरवानीचं काय?

तो जरा हसला, मग ओशाळला. “वो तो साब, सोफे का कपडा था. बाजूवाली परदे की दुकान से सर खुद लेके आये थे. और मेरे को बोले, अंदर कॅनव्हास डबल डालो.”

“पर क्यूँ?”

“मैंने भी पूछा. बोले, रफीकभाई, मेरे को बीच बीच में बैठना पडेगा. मैं अकेला बैठूँगा तो सब पूछेंगे. ये आदमी बैठेगा तो सब इसको देखेंगे.”

मी तो कोट घेऊन गाडीत येऊन बसलो. एसी लावला आणि गाडी हलवलीच नाही.

म्हणजे लेक बरोबर होती. म्हणजे ते बनियन, ती ‘तुझ्या उंचीला शोभतं’ची फुंकर, तो गावंढळ कॉलरचा नियम, सगळं तू मोजून-मापून बसवलं होतंस, जशी तू इमारतींची हवा बसवायचास. कुठून गरम निघेल, कुठे थांबेल, किती वेळात खाली बसेल. बावीस वर्षांच्या मित्राला तू सोफ्यात शिवलंस आणि त्याच्या आडोशाला बसलास. आणि नंतर त्या मित्राकडूनच ती गोष्ट गावभर सांगवलीस, म्हणजे आडोसा पुढेही चालू राहील. मी फजिती झालेला माणूस आहे, फजितीची मला सवय आहे, तिच्यावरच माझं दुकान चालतं. पण माझी प्रत्येक फजिती आजवर माझी स्वतःची होती. ही तू केलीस.

लोक मला समजावतात. मेधा म्हणते, “तुझ्यासमोर त्यांना आजारी व्हायचं नव्हतं, तुझ्याबरोबर त्यांना विसर पडायचा.” मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, बापटसाहेब, हा तुमचा बहुमान आहे. ऐकायला छान आहे. मी दोन दिवस ते पांघरून बघितलं, पण मला होत नाही. नर्सबाईला सांगितलंस, शिंप्याला सांगितलंस, मोराला सांगितलंस. बहुमान एकट्या माझ्याच वाट्याला का?

परवा वर्षा वहिनी पुण्याहून आल्या, घर आवरायला. आम्ही डबा घेऊन गेलो. अर्धी खोकी भरलेली होती, भिंतीवर तुमच्या फोटोंच्या जागी चौकोन उरलेले. मेधा स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी विचारून टाकलं. म्हटलं, “वहिनी, मला का नाही?”

त्या खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं असतं, भावजी.”

“शपथ घातली असती तर नसतं सांगितलं.”

“फूडकोर्टाच्या वेळी घातली होती त्यांनी.”

शिरीष, ही गोष्ट मी या लेखात घेणार नव्हतो. वहिनींनी काढली नसती तर इथे फजितीचे आणखी दोन विनोद आले असते आणि हे राहून गेलं असतं. पण आता निघालंच आहे.

त्या वर्षी तुझी नोकरी गेली होती. तू घरी सांगितलं नाहीस. तीन महिने रोज सकाळी टाय लावून, डबा घेऊन निघायचास आणि मॉलच्या फूडकोर्टात एका खांबामागे लॅपटॉप उघडून बसायचास. दुपारी तोच डबा खायचास, संध्याकाळी ट्रॅफिकला शिव्या देत घरी. ट्रॅफिक नसायचा, तरी शिव्या द्यायचास. मला एकट्याला सांगितलंस, आणि सांगताना माझा हात धरला होतास. मी तीन महिने गप्प राहिलो, हे खरं आहे. नवी नोकरी लागली, सगळं सुरळीत झालं, म्हणजे खलास, असं माझं गणित. आणि गणपतीच्या कार्यक्रमात माझ्या हातात माइक आला.

काय रंगली होती ती गोष्ट. खांब, टाय, नसलेला ट्रॅफिक. सफाई कामगार तुला मॉलचा मॅनेजर समजून सलाम करायचा, तेही मी घातलं, ते तर घडलंही नव्हतं. दोनशे माणसं हसत होती. वर्षा वहिनी तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांना ते तिथे कळलं.

“मी पण हसले होते तेव्हा,” वहिनी म्हणाल्या. “सगळ्यांच्या बरोबर. काय करणार?” चिकटपट्टी दातांनी तोडली त्यांनी. “घरी आल्यावर ह्यांना विचारलं, भावजींना काही बोललात का? तर म्हणाले, काय बोलायचं, त्याच्याच्याने राहवत नाही. मांजराला दूध राखायला आपणच बसवलं.”

मला तू त्या दिवशी पार्किंगमध्ये म्हणाला होतास, “रंगली रे गोष्ट.” मी ती दाद समजून घरी आलो. बारा वर्षं ती दाद म्हणूनच जपली.

खाली उतरलो तर मेधाने विचारलं, काय म्हणाली वर्षा? मी म्हटलं, काही नाही. बघ, एक गोष्ट मी दाबून ठेवली. दोन दिवस. मग हे लिहायला बसलो, आणि तुझी गाठ, तुझा फूडकोर्ट, तुझा तिसऱ्यांदा आवळलेला कोट, सगळं चव्हाट्यावर मांडून मोकळा झालो. वहिनींना आधी वाचायला पाठवलं. त्यांनी उत्तर पाठवलं, “चालेल. सफाई कामगाराचं खोटं होतं, ते तेवढं कबूल केलंत ते बरं केलंत.” म्हणजे तुझा हिशेब बरोबर होता. बापटला सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं. मरायच्या आधी तुला चार महिने फक्त नवरा, मित्र आणि बरा नाचणारा माणूस म्हणून फिरायचं होतं, आणि मी ते तुला फिरू दिलं नसतं. कुठेतरी माइक मिळाला असता. मी रडवेला झालो असतो, लोक हळहळले असते, आणि तू तिसऱ्या रांगेत बसून हसला असतास.

हे सगळं मला पटतं. मी तुझ्या बाजूने विचार करून बघतो आणि प्रत्येक वेळी तूच जिंकतोस, नेहमीसारखा.

पण एक मुद्दा तुझ्याही हिशेबात चुकला, तेवढा ऐक. त्या संध्याकाळी तू कार्ड फडफडवत असताना, कानाशी येऊन नुसतं “बापट, बस माझ्याजवळ” म्हणाला असतास ना. का ते सांगू नकोस, तेवढंच. मी बसलो असतो. एक सोडून एक नाच कशाला, अठराच्या अठरा नाच बसलो असतो, साध्या सुती शर्टात.